साक्ष आणि सेल्स

चर्चमध्ये ‘साक्ष’ देतात. म्हणजे एखादा माणूस उभा राहतो आणि येशूमुळे आपल्या आयुष्यात काय बदललं ते सांगतो. दारू सुटली, आजारपणात धीर आला, भावाशी धरलेला अबोला संपला. हेच त्यानं शेजाऱ्याला चहा पिता पिता सांगितलं, की आपल्यातलेच शिकलेले लोक म्हणतात, “बाटवायला आलाय.”

मला हे मान्य नाही. मी परभणी जिल्ह्यातला. आमच्या गंगाखेडची जनाबाई दळताकांडताना विठ्ठल कसा मदतीला येतो ते सांगत राहिली आणि सुमारे सातशे वर्षांनंतरही आपण ते ऐकतो. देवाचा अनुभव रोजच्या कामाच्या भाषेत सांगायचा, ही आपलीच रीत. वारकऱ्यानं विठ्ठलाबद्दल बोललेलं चालतं, तर ख्रिस्ती मित्रानं येशूबद्दल बोललेलं का खुपावं?

कायदाही इथं स्पष्ट आहे. संविधानाच्या कलम 25 मध्ये धर्माच्या प्रचाराचा हक्क आहे. 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. पण आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क त्याच निकालानं शाबूत ठेवला. धाक, आमिष, फसवणूक असेल, तिथं कायद्यानुसार शिक्षा द्या. गप्पांना कसली शिक्षा देता?

आता दुसऱ्या बाजूला दोन शब्द. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ‘कन्व्हर्जन’ म्हणजे ॲप उघडणाऱ्या शंभरांपैकी किती जणांनी पैसे भरले. काही प्रचारक साक्षीलाही तेच माप लावतात. तीन मिनिटांत बसवलेली गोष्ट: आधी मी असा होतो, मग येशू भेटला, आता मी असा आहे. मग फॉलोअप. ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं, की आपण मित्र नसून लीड आहोत.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि बाईंचा संसार मोडला. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. रडल्या, चिडल्या, पुढे स्वतःच्या वाटेनं ख्रिस्ती झाल्या. पुस्तकात सोवळंओवळं आहे, नवऱ्याचा विक्षिपणा आहे, स्वतःची फजिती आहे. तीन मिनिटांच्या साच्यात यातलं काहीच बसणार नाही. आणि ख्रिस्ती नसलेली मराठी माणसं हे पुस्तक नव्वद वर्षं प्रेमानं वाचताहेत, कारण ते वाचकाकडून काही वसूल करायला बसलेलं नाही. खुद्द टिळकांनीही 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारला.

म्हणून साक्ष देणाऱ्या मित्रांना माझे तीन प्रश्न. समोरचा कधीच ख्रिस्ती झाला नाही, तरी मैत्री टिकेल का? त्याचा विठ्ठल, त्याचा अल्ला, त्याचा बुद्ध तुम्ही तितकाच वेळ ऐकाल का? आणि तो तुमच्याकडे औषधाला, फीला किंवा नोकरीला आलेला असेल, तर त्यानं विचारेपर्यंत गप्प बसाल का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर खुशाल बोला.

आणि आपण, ऐकणाऱ्यांनी? एका गोष्टीनं आपला धर्म पडेल अशी भीती वाटत असेल, तर तो दोष गोष्ट सांगणाऱ्याचा नाही. ऐकावं, पटलं नाही तर तोंडावर सांगावं आणि अजून एक कट चहा मागवावा.