आभा कार्ड काढलं, पण डॉक्टरला आधीच्या गोळ्या दिसतात का?

वाशिम : मागच्या वर्षी सोयाबीन सोंगणीच्या वेळी आमच्या आईला शेतातच भोवळ आली. घरी तिची पिशवी उलटी केली तर तालुक्याच्या दवाखान्यातल्या बीपीच्या गोळ्या निघाल्या, अन् शहरातल्या डॉक्टरांनी दिलेल्याही. नाव वेगळं, औषध एकच. महिनाभर दुप्पट डोस चालू होता. "आधीच्या गोळ्या दाखव, असं मले कोणीच म्हटलं नाही," आई म्हणाली.

दोन्ही डॉक्टरांनी औषध बरोबरच दिलं होतं. फक्त एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिली नव्हती.

संगणक इथेच कामी येतो. औषध संगणकावर लिहिलं की अक्षर न लागण्याची भानगड मिटते. आधीची औषधं अन् ॲलर्जी त्यात नोंदवलेली असेल, तर चांगली प्रणाली तेच औषध दुसऱ्यांदा लिहिताना डॉक्टरला सावध करते.

यासाठी केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केलं. त्यातला आपला १४ अंकी क्रमांक म्हणजे आभा. पाच लाखांच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड वेगळं, हे वेगळं. आभा काढल्याने जुन्या चिठ्ठ्या आपोआप त्यात जात नाहीत. दवाखान्याने नोंद संगणकात भरून आभाला जोडली अन् आपण मोबाईलवर परवानगी दिली, तरच ती दुसऱ्या डॉक्टरला दिसते. क्यूआर स्कॅन करून ओपीडीचा नंबर लागतो, तेव्हा नाव, वय अशी माहिती जाते. गोळ्यांची यादी नाही.

आपला पेशंट प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, वाशिम अन् मग अकोला असा फिरतो. प्रत्येक ठिकाणी नवा कागद. २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं. किती आभा कार्डं निघाली, हा आकडा पुरेसा नाही. किती पेशंटची औषधं त्यात चढली, हे प्रशासनाने सांगावं. अन् नोंद करायला माणूसही द्यावा. एका गावात एकाच नावाचे चार जण असतात. घाईत नोंद दुसऱ्याच्या नावावर गेली तर मशीनही चुकीचंच दाखवणार.

तोवर आपण एवढं करू : चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, ॲलर्जी न विचारता सांगा. अन् निघताना खिडकीवर विचारा, "साहेब, हे आभाला जोडलं का?"