तिरंदाजी शिकताय? आधी हृदयाचे ठोके मोजा

तिरंदाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो अर्जुन आणि त्याला दिसणारा पोपटाचा डोळा. एकाग्रता असली की झालं, असंच आपण लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणूनच मुलांना तिरंदाजीच्या क्लासला घालताना अनेक पालक म्हणतात, "बरं आहे, यात धावपळ नाही. एका जागी उभं राहायचं आणि नेम धरायचा." चाळिशीत हौसेने धनुष्य हातात घेणाऱ्यांचाही समज बहुधा हाच असतो. पण एका जागी उभ्या असलेल्या त्या खेळाडूच्या छातीत काय चाललेलं असतं, हे २०२१ मध्ये जगाने टीव्हीवर पाहिलं.

११८ आणि १६७

टोकियो ऑलिंपिकमध्ये (नाव २०२० चं, पण कोरोनामुळे झालं २०२१ मध्ये) तिरंदाजीच्या प्रक्षेपणात एक नवी गोष्ट होती. खेळाडू नेम धरत असताना पडद्यावर त्याच्या हृदयाचे ठोके दिसत होते. त्यासाठी अंगावर पट्टा नव्हता की तार नव्हती. रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर चेहऱ्याच्या त्वचेचा रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना तो बदल कळत नाही, पण दूरवर लावलेला कॅमेरा तो टिपत होता.

महिलांच्या वैयक्तिक अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाची २० वर्षांची आन सान आणि रशियाची एलेना ओसिपोव्हा ५-५ अशा बरोबरीत आल्या. आता प्रत्येकीला एकच बाण. त्या क्षणी आन सानचे ठोके मिनिटाला ११८ दिसत होते आणि ओसिपोव्हाचे १६७. आन सानने १० गुण घेतले, ओसिपोव्हाला ८ मिळाले. आन सानचं त्या ऑलिंपिकमधलं ते तिसरं सुवर्ण होतं.

यावरून 'ज्याचे ठोके कमी तो जिंकतो' असा सोपा नियम मात्र काढू नका. ठोके वयावर, शरीरावर, त्या दिवशीच्या झोपेवरही अवलंबून असतात, त्यामुळे दोन माणसांचे आकडे समोरासमोर ठेवता येत नाहीत. ओसिपोव्हासुद्धा रौप्यपदक घेऊनच घरी गेली. खरी लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. मोठ्या माणसाचे स्वस्थ बसलेले असतानाचे ठोके साधारण ६० ते १०० असतात. म्हणजे ११८ हा काही शांत माणसाचा आकडा नव्हे. चेहऱ्यावर रेषही न हलवणाऱ्या आन सानचं हृदयसुद्धा धडधडत होतंच. फक्त ती धडधड तिच्या हातापर्यंत पोहोचली नाही.

एका मिलिमीटरची किंमत

ऑलिंपिकमधल्या रिकर्व्ह प्रकारात लक्ष्य ७० मीटरवर असतं. त्यातल्या १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास १२.२ सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या बशीएवढा. आता एक साधा हिशेब करून पाहू. बाण सुमारे ७० सेंटिमीटर लांब धरला, तर लक्ष्याचं अंतर त्याच्या १०० पट होतं. बाणाचं मागचं टोक जागेवर असताना पुढचं टोक १ मिलिमीटर हललं, की ७० मीटरवर बाण तब्बल १० सेंटिमीटर बाजूला जाणार. म्हणजे १० गुण हुकले, ९ पदरात पडले.

आणि एका गुणाने काय होतं? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या अंतिम सामन्यात किम वू-जिन आणि ब्रॅडी एलिसन या दोघांनीही शेवटच्या बाणावर १० गुण घेतले. मग मध्यापासूनचं अंतर मोजलं गेलं. किमचा बाण ४.९ मिलिमीटरने जवळ होता. सुवर्ण त्याला मिळालं.

ठोका हातापर्यंत पोहोचतो कसा?

हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं, तेव्हा सगळ्या शरीराला एक अगदी बारीक हिसका बसतो. निवांत बसून पायावर पाय टाका आणि वरच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहा. नाडीबरोबर तो हलताना दिसेल. असाच हिसका धनुष्य धरलेल्या हातालाही बसतो.

दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय क्षणभर विसावतं. बाण सोडायला हीच सगळ्यात स्थिर वेळ. ठोके मिनिटाला ६० असतील तर दोन ठोक्यांमध्ये एक पूर्ण सेकंद मिळतो. ११८ ला तो अर्ध्या सेकंदावर येतो आणि १६७ ला जेमतेम एक तृतीयांश सेकंद उरतो. शिवाय ठोके वाढले की जास्त काटछाट होते ती या विसाव्याच्या वेळेतच. त्यात भीतीमुळे स्रवणारं ॲड्रेनालिन स्नायूंमध्ये वेगळी थरथर आणतं. श्वास उथळ होतो, छाती वरखाली होते आणि नेम धरलेला बिंदू लक्ष्यावर भटकू लागतो.

कोणताही तिरंदाज ठोके मोजून बाण सोडत नाही. तेवढा वेळच नसतो. सामन्यात एका बाणासाठी २० सेकंद मिळतात. पण अनुभवी खेळाडूंमध्ये बाण सुटण्याआधीच्या काही सेकंदांत ठोके आपोआप किंचित मंदावतात, असं अभ्यासकांना आढळलंय. हे शरीराला सरावाने येतं.

ठोक्यांचं महत्त्व किती, हे पाहायचं तर उत्तेजकांची नियमावली पाहा. बीटा ब्लॉकर ही रक्तदाब आणि हृदयाच्या आजारांत डॉक्टर देतात ती औषधं. ती ठोके कमी करतात आणि हातांची थरथरही कमी करतात. धावपटूला त्यांचा उपयोग नाही, उलट तोटाच. पण तिरंदाजीत त्यांच्यावर बंदी आहे, आणि तीही फक्त स्पर्धेच्या दिवसांत नाही, वर्षभर.

मग फिटनेसचा संबंध कुठे येतो?

पहिला संबंध हृदयाशी. नियमित चालणाऱ्या, धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या माणसाचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, त्यामुळे त्याला कमी ठोके पुरतात. कसलेल्या खेळाडूंचे विश्रांतीतले ठोके ४० ते ६० सुद्धा असतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वाढलेले ठोके अशा हृदयात लवकर खाली येतात. भीती सगळ्यांनाच वाटते. दोन बाणांमधल्या थोड्याशा वेळात कोण किती सावरतो, हे दमसासावर ठरतं.

दुसरा संबंध ताकदीशी. समजा, धनुष्याचा ताण ४५ पौंड आहे, म्हणजे साधारण २० किलो. पात्रता फेरीत ७२ बाण असतात. म्हणजे खेळाडू दिवसभरात जवळपास दीड टन वजन खेचतो, आणि यात सरावाचे बाण धरलेले नाहीत. ७० मीटर जाऊन बाण काढून परत यायचं, असं सहा-सहा बाणांच्या १२ फेऱ्यांत सुमारे १.७ किलोमीटर चालणंही होतं, तेही बहुतेक वेळा उन्हात.

वजन ताणून स्थिर धरलं की ठोके आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. तुमच्या ताकदीच्या मानाने ते वजन जितकं जास्त, तितकी ही वाढ मोठी. म्हणून पाठ आणि खांदे मजबूत झाले की तेच धनुष्य हलकं वाटतं आणि हृदयावरचा ताणही उतरतो. शेवटच्या दहा बाणांत गुण घसरत असतील तर दरवेळी दोष एकाग्रतेचा नसतो. अनेकदा पाठ दमलेली असते.

आपल्याकडे हे मनावर घेण्याचं आणखी एक कारण आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात एकाच दिवशी विश्वविजेते झाले. अदितीने अंतिम सामन्यात १५० पैकी १४९ गुण घेतले, ओजसने १५० पैकी १५०. कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होणार आहे. आणि ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीचं पदक भारताला अजून मिळालेलं नाही. पॅरिसला अंकिता भकत आणि धीरज बोम्मादेवरा यांची जोडी चौथी आली होती. तेव्हा गावोगावी धनुष्य उचलणाऱ्या मुलांना 'यात धावायचं नसतं' असं सांगणं आपण आता थांबवायला हवं.

घरच्या घरी काय कराल?

१. आधी स्वतःचे ठोके ओळखा. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसा. मनगटावर दोन बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. आठवडाभर वहीत लिहा. मग एक दिवस तीन मिनिटं जिने चढ-उतार करा. थांबल्याबरोबर ठोके मोजा आणि एका मिनिटाने पुन्हा मोजा. किती उतरले? हा आकडा दर महिन्याला वाढला, तर तुमचा व्यायाम लागू पडतोय. तुलना फक्त स्वतःशीच करा.

२. दम वाढवा. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे, तर ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची. भरभर चालणं, सायकल, दोरीउड्या, पोहणं, काहीही चालेल. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवा.

३. पाठ आणि पोट घट्ट करा. आठवड्यातून दोन-तीनदा प्लँक, दंड आणि उठाबशा करा. रबरी पट्टा खिडकीच्या मजबूत गजाला अडकवून स्वतःकडे ओढा. ओढताना दंडाचा जोर न लावता पाठीची पाती एकमेकींजवळ आणा. धनुष्य खेचताना हेच स्नायू लागतात.

४. श्वास लांबवा. श्वास घेताना ठोके थोडे वाढतात, सोडताना कमी होतात. त्यामुळे चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा. रोज पाच मिनिटं पुरे. प्रत्येक बाणाआधी असा एक सावकाश श्वास घ्यायची सवय लावा. श्वास दाबून फार वेळ नेम धरू नका. त्याने थरथर वाढते.

५. धडधडत्या छातीने सराव करा. मैदानावर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली २० उठाबशा किंवा छोटी धाव झाली, की जवळच्या अंतरावर एक बाण मारून पाहा. धनुष्य नसेल तर घरातलाच खेळ करा. २० उठाबशा काढा आणि लगेच सुईत दोरा ओवा. मुलांनी कॅरमच्या सोंगट्या एकावर एक रचाव्यात. आजी-आजोबांनी उठाबशा सोडून द्याव्यात आणि हातात घड्याळ घेऊन पंच व्हावं! आठ-दहा दिवसांत तुमच्या लक्षात येईल की घाईने सुई सापडत नाही. एक श्वास सोडला की सापडते.

६. सरावाच्या दिवशी पाणी आणि झोप सांभाळा. शरीरातलं पाणी कमी झालं की ठोके वाढतात. उन्हात थोडं थोडं पाणी पीत राहा. सरावाच्या तोंडावर कडक चहा-कॉफीचा दुसरा कप नको. आणि हातात स्मार्टवॉच असेल तर नेम धरताना त्याकडे बघू नका. आकडा पाहून धास्ती वाढते. तो घरी जाऊन पाहा.

एवढं मात्र सांभाळा

धनुष्य पूर्ण ताणल्यावर हात लटपटत असेल तर ते तुमच्यासाठी जड आहे. वाढत्या वयाच्या मुलांना मोठ्या भावाचं धनुष्य देऊ नका, खांदा दुखावतो. हृदयाचा आजार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर नवा व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. छातीत दुखणं, चक्कर येणं किंवा बसल्या जागी अचानक धडधड होणं, याला 'टेन्शन आलं असेल' म्हणून सोडून देऊ नका. आणि थरथर थांबावी म्हणून घरातल्या कुणाची तरी रक्तदाबाची गोळी घ्यायचा विचारही मनात आणू नका.

पुढच्या वेळी तुमचं मूल स्पर्धेला जाताना "आई, छातीत धडधडतंय" म्हणालं, तर "घाबरू नकोस" म्हणू नका. "आन सानच्याही छातीत धडधडत होतं. आता सावकाश श्वास सोड," असं म्हणा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर तुम्हीही पळायला जा.