माप एक, दाते वेगळे

आमच्या चिरंजीवांकडे रिमोटवर धावणाऱ्या दोन मोटारी आहेत. दोन्हींच्या खोक्यांवर ‘१:१८’ छापलेले. म्हणजे साडेचार मीटरची मोटार २५ सेंटिमीटरची झाली. एकीच्या मोटरवरचा छोटा गियर झिजला. मी म्हटले, दुसरीचा काढून बसवू! कॉमर्सचा पदवीधर मी. या खात्यातून त्या खात्यात वळते करण्यात हयात गेलेली.

गियर बसला, पण मोटार जात्यासारखी दळू लागली. चौकशी केली तेव्हा कळले, एकाचे दाते ०.५ मॉड्यूलचे, म्हणजे मिलिमीटरी. दुसऱ्याचे ४८ पिचचे, म्हणजे इंची, मॉड्यूलमध्ये ०.५३. तीन शतांशांपायी दोघांचे दात जुळेनात!

आता मला सांगा, कोणत्याही बँकेचा चेक कुठल्याही बँकेत वटतो. पेन्सिल सेल कोणाचाही आणा, खाचेत बसतो. मग या गियरलाच एवढा सोवळेपणा का? कारखानदार म्हणतील, आमची रचना वेगळी. असू द्या, बुवा! पण मग खोक्यावर बॉडीच्या मापाशेजारी दात्यांचे मॉड्यूल आणि मोटरच्या दांड्याची जाडी छापायला शाई कमी पडते काय? की आमचा अडाणीपणा हेच तुमचे भांडवल?

चिरंजीव म्हणाले, “बाबा, जाऊ द्या ना, नवीनच घेऊ.”

झिजलेल्या गियरपेक्षा हे मला जास्त लागले. अहो, रोकड दहा रुपयांनी जुळली नाही तर आम्ही पुन्हा मोजतो. नवी बँक काढत नाही!