घाटात वायररोपने ट्रक ओढणे थांबवा



घाटात ट्रक बंद पडला की वाहतूक कोंडीची बातमी होते. तो तिथून कसा हलवला, याची होत नाही. खंबाटकीच्या चढाला क्लच गेलेली भरलेली गाडी सर्रास दुसऱ्या ट्रकमागे वायररोप बांधून ओढतात. मागे हॉर्नचा गोंगाट, वर ‘आधी गाडी हलव’ हा धोशा. चालक बिचारा मिळेल त्या दोराला गाडी बांधतो. हा प्रकार बंद झालाच पाहिजे, असे मी ट्रकमालक असूनही म्हणतो.

दोर ओढतो, अडवत नाही. चढ संपून उतार लागला की मागची गाडी पुढच्या गाडीवर चालून जाते. तिला ब्रेक कुठले? इंजिन बंद, म्हणून कॉम्प्रेसर बंद. टाकीतली हवा उतरली की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळतात, ते गाडी घरंगळू नये म्हणूनच. गाडी ओढता यावी म्हणून मेकॅनिक ब्रेक बूस्टरचे बोल्ट फिरवून ती स्प्रिंग दाबून ठेवतो. चाके मोकळी होतात, पण मग हँडब्रेकही उरत नाही. स्टिअरिंग तर दोन्ही हातांनी वळत नाही. २०१८ मध्ये दहा चाकी ट्रकची वजनमर्यादा २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर गेली. दोर मात्र तोच. तो तुटला तर उलटा फटकारतो, आणि जवळ उभा असतो क्लीनर.

योग्य पद्धत प्रत्येक जुन्या मेकॅनिकला ठाऊक आहे. दोन गाड्यांमध्ये लोखंडी टोइंग रॉड, पुढच्या गाडीतून मागच्या टाकीला हवेचा पाइप, आणि ओढण्याआधी जॉइंट, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, उतरवणे. जॉइंट तसाच ठेवला तर चाकांबरोबर गिअरबॉक्स फिरतो, इंजिन बंद असल्याने आत तेल नीट पोचत नाही, आणि क्लचच्या खर्चात गिअरबॉक्सचा खर्च मिळतो. नियमही नवे नाहीत. १९८९ च्या रस्ता नियमावलीतच ओढताना वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत आणि दोन गाड्यांतले अंतर ५ मीटरच्या आत ठेवायला सांगितले होते.

क्रेन परवडत नाही, हे आमच्या मालक मंडळींचे म्हणणे खोटे नाही. गाडी घाटात अडली की दर तोंडाला येईल तो सांगतात. पण त्यावर दोर हा उपाय नव्हे. आम्ही टोल भरतो. टोलनाक्यावरची क्रेन भरलेली बहुचाकी गाडी पेलणारी हवी, तिची क्षमता आणि पुढे ओढून नेण्याचे दर तिथल्या फलकावर लिहिलेले हवेत. महामार्ग मदतीच्या १०३३ क्रमांकावर फोन केल्यावर गाडीचे वजन आणि चाके विचारूनच मदत निघावी. टोइंग रॉड आणि हवेचा पाइप गस्तीच्या गाडीत ठेवायला जागा किती लागते?

आणखी एक. गाडी निघून जाते, चाकाखाली लावलेले दगड वळणावर तसेच राहतात. रात्री त्यावर दुचाकी आदळते. गस्तीच्या गाडीत लाकडी ठोकळे द्या आणि जागा सोडण्याआधी रस्ता साफ झाला का, हे बघण्याची जबाबदारी त्याच पथकावर लेखी टाका.

– एक ट्रकमालक, शिरवळ