चेंडू देणाऱ्याचा संसार

दिवाळीच्या सुटीत शहरातली माणसे थंड हवेच्या ठिकाणी जातात. मी गेल्या दिवाळीत खर्ड्याला गेलो, आणि तिथली हवा बरीच तापलेली निघाली.

जामखेड तालुक्यातले हे खर्डा म्हणजे आपण शाळेत पाठ केलेले खर्डा. ‘११ मार्च १७९५, मराठ्यांनी निजामाचा पराभव केला’ एवढे लिहिले की दोन गुण मिळत. माझ्या थोरल्या चुलतभावाचे तिथे खताबियाण्यांचे दुकान आहे. दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. “तू पेपरात लिहितोस. पोरगी तुझं ऐकेल. येऊन चार शब्द सांग तिला.”

पोरगी म्हणजे माझी पुतणी. नगरला वसतिगृहात राहून बारावी करते आणि कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळते. पुढच्या वर्षी पुण्याला जायचे, तिथे शिकता शिकता चांगल्या प्रशिक्षकाकडे खेळायचे आणि पुढे यातच आयुष्य काढायचे, असे तिने ठरवले होते.

“काय व्हायचंय म्हणे तुला?” फराळाच्या ताटावर मी विषय काढला.

“पॉइंट गार्ड, काका.”

“ऐकलंस?” दादा म्हणाला. “गार्ड! रेल्वेत गार्ड व्हायचं म्हणाली असती तर मी पेढे वाटले असते. पगार तरी असता.”

वहिनी हसल्या, पोरगी मात्र हसली नाही. तिने माझ्या ताटातल्या चकल्या उचलल्या आणि पाटावर मांडल्या. पाच चकल्या, पाच खेळाडू. मैदान २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. बास्केटची कडी जमिनीपासून ३.०५ मीटर उंच. चेंडू हातात आला की २४ सेकंदांत तो कडीकडे टाकायचा आणि त्यातल्या पहिल्या ८ सेकंदांत आपली बाजू ओलांडून पलीकडे न्यायचा. हा चेंडू पुढे नेणारी चकली म्हणजे पॉइंट गार्ड. उंच खेळाडू कडीखाली जागा धरून उभे असतात, नेमबाज बाजूला टपलेले असतात. यातल्या कोणाला, कोणत्या क्षणी, डाव्या हाताला की उजव्या हाताला चेंडू द्यायचा, हे त्या चार-पाच सेकंदांत पॉइंट गार्डने ठरवायचे असते. चेंडू आपटत असताना नजर चेंडूवर ठेवायची नाही. नजर माणसांवर ठेवायची.

“आणि बास्केट कोण करतं?” मी विचारले.

“बहुतेक वेळा दुसरं कोणीतरी.”

“म्हणजे राबायचं एकाने, नाव दुसऱ्याचं!” दादा म्हणाला आणि चहाचा कप घेऊन दुकानाकडे निघून गेला.

संध्याकाळी पुतणीला घेऊन मी किल्ला पाहायला गेलो. भुईकोट किल्ला आहे. लढाई अंगाशी आल्यावर निजामअलीने याच किल्ल्यात आसरा घेतला होता. तटावर उभे राहून मी तिला शाळेत न शिकवलेली गोष्ट सांगितली. त्या लढाईच्या आदल्याच वर्षी महादजी शिंदे गेले होते आणि हरिपंत फडकेही गेले होते. पेशवे सवाई माधवराव विशीतले. अशा वेळी दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर रघूजी भोसले अशा सरदारांच्या फौजा एका ठिकाणी आणायच्या! प्रत्येकाचे मानपान वेगळे आणि रुसवेही वेगळे. सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते, पण ही सारी मोट बांधली नाना फडणिसांनी. नानांची ख्याती तलवारीची नव्हती. कोणाला केव्हा पुढे घालायचे हे त्यांना कळत होते.

“म्हणजे नाना पॉइंट गार्ड होते,” ती म्हणाली.

मला हे सुचले नव्हते, पण मी मान डोलावली. त्याच वर्षी सवाई माधवराव गेले, १८०० साली नाना गेले, आणि हे सरदार पुन्हा असे एका झेंड्याखाली आले नाहीत.

रात्री दादा हिशेबाची वही घेऊन बसला होता. मीही हिशेबच काढला. अमेरिकेत जॉन स्टॉकटन नावाचा एक पॉइंट गार्ड होऊन गेला. उंची सहा फूट एक इंच, म्हणजे त्या खेळात ठेंगणाच. १९८४ साली यूटा जॅझ या व्यावसायिक संघाने त्याला निवडले, तेव्हा त्याच्या आधी पंधरा जणांची निवड झाली होती. हा गडी एकाच संघात १९ वर्षे खेळला. १,५०४ सामने! एवढ्या वर्षांत त्याचे २२ सामने काय ते चुकले. सहकाऱ्याने चेंडू दिला आणि त्यावर लगेच बास्केट झाली, तर देणाऱ्याच्या नावावर एक ‘असिस्ट’ लिहितात. स्टॉकटनच्या नावावर असे १५,८०६ असिस्ट आहेत. २००३ साली तो निवृत्त झाला, पण हा आकडा त्यानंतर कोणालाही गाठता आलेला नाही. त्याच्या संघातल्या कार्ल मलोनला लोक ‘टपालवाला’ म्हणत, कारण तो गुण घरपोच आणून देई. त्याचे गुण भरले ३६,९२८. पण टपालवाल्याच्या पिशवीत पत्रे भरून कोण देत होता? बहुतेक वेळा स्टॉकटन! १९९७ आणि १९९८ साली दोघेही अंतिम फेरीत शिकागोकडून हरले. विजेतेपद एकदाही मिळाले नाही, तरी स्टॉकटनचा संसार झाला आणि मानही मिळाला.

“आणि उंचीचं म्हणशील,” मी म्हणालो, “तर मग्सी बोग्ज नावाचा गडी पाच फूट तीन इंचांचा होता. तोही चौदा हंगाम खेळला.”

“ते अमेरिकेत,” दादा म्हणाला. “इथलं सांग.”

प्रश्न रास्त होता, आणि दिवाळीच्या दिवसात खोटे बोलू नये. हा खेळ १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने शोधून काढला, तो पीचच्या फळांच्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकून. आपल्याकडे तो आला मिशनरी आणि वायएमसीएवाल्यांबरोबर. ज्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून नगरला ठाण मांडले, त्याच मिशनने मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीत ‘नेबरहुड हाउस’ चालवले. त्या नागपाड्याच्या मैदानांनी भारताला कितीतरी खेळाडू दिले. गुलाम अब्बास मुंतसिर तिथलाच. तो भारताचा कर्णधार झाला आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. पण निव्वळ खेळून घर चालवावे अशी सोय तेव्हा आपल्याकडे नव्हतीच.

पुढेही ती धड झाली नाही. २०१५ साली एक व्यावसायिक लीग सुरू झाली. तिच्यात पुण्याच्या संघाचे नाव होते ‘पुणे पेशवाज’. ही पेशवाई २०१७ साली आटोपली. त्याच वर्षी वाराणशीच्या विशेष भृगुवंशीशी ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक संघाने करार केला. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. तोसुद्धा घरी ओएनजीसीचा नोकरदार! आपल्याकडच्या खेळाडूचा खरा आधार म्हणजे ही नोकरी. रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या खेळाडू घेतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली. तीही खेळली ती रेल्वेच्या संघातून.

“रेल्वे?” दादाने वहीतून मान वर केली.

“रेल्वे. गार्ड म्हणून नव्हे, पण पगार तोच सरकारी.”

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. “आणि गुडघा मोडला तर? निवड झालीच नाही तर? दहा जणी जातात, एखादी पोचते. बाकीच्यांचं काय होतं ते कोणी लिहीत नाही.”

हेही खरे होते. माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून जे इतकी वर्षे बोललो नव्हतो ते बोललो.

“दादा, माझी कॉलेजची पहिल्या वर्षाची फी कोणी भरली होती?”

तो गप्प राहिला. मॅट्रिक झाल्यावर तो दुकानात बसला तो कायमचा. त्याच्यामागचे दोघे सख्खे भाऊ इंजिनिअर झाले, बहिणीचे लग्न झाले, आणि मी चुलत असूनही माझी फी त्याच्याच गल्ल्यातून गेली. आमची नावे छापून आली, पाट्यांवर लागली. त्याचे नाव फक्त दुकानाच्या पावतीवर.

“तू जन्मभर हेच केलंस,” मी म्हणालो. “चेंडू पुढे नेलास आणि आमच्या हातात दिलास. पोरीने हा खेळ कुठून उचलला असेल, ते बघ.”

वहिनींनी पदराने डोळे टिपले. दादाने वही मिटली आणि घसा साफ केला.

“पदवी सोडायची नाही,” तो दाराआड उभ्या असलेल्या पोरीला म्हणाला. “दर सहामाहीला गुणपत्रिका मला दाखवायची. दोन वर्षं बघू.”

“तीन, बाबा. पदवी तीन वर्षांची असते.”

“बरं, तीन.”

सकाळी मी निघालो तेव्हा ती अंगणात चेंडू आपटत होती. कडुनिंबाच्या खोडाला लोखंडी कडी ठोकलेली होती. दादा दुकानाच्या किल्ल्या घेऊन बाहेर आला. तिने त्याच्याकडे न पाहताच चेंडू फेकला, तो नेमका त्याच्या हातात. साठीला आलेल्या त्या माणसाने किल्ल्या खिशात घातल्या, इकडेतिकडे पाहिले आणि चेंडू कडीकडे टाकला.

तो कडीला लागून बाहेर पडला. पोरीने पळत जाऊन उचलला आणि पुन्हा त्यालाच दिला.