समासातला टॉवेल

प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यांवर या सदरात मी पूर्वीही लिहिलं आहे. या आठवड्यात पुन्हा राग आला, म्हणून पुन्हा लिहितो. शेजारच्या पाचवीतल्या मुलीला शेरा मिळाला, ‘इडिओसिंक्रॅटिक’. रात्री तिची आई प्रगतिपुस्तक घेऊन दारात उभी. "काका, हे इडियटपैकीच काही का हो? की आजार असतो?"

दोन्ही शंका अगदीच बिनबुडाच्या नव्हत्या. ग्रीकमध्ये ‘इडिओस’ म्हणजे स्वतःचं, खासगी. सार्वजनिक कामात न पडणारा तो ‘इडिओटेस’. त्याचाच पुढे इडियट झाला. इडिओसिंक्रसी मात्र वैद्यांच्या वापरातला शब्द. शरीरातल्या रसांचं ज्याचं त्याचं वेगळं मिश्रण, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे वैद्य प्रकृती म्हणतात, त्याच्या जवळचा. विक्षिप्त या अर्थी वापरला जाणारा ‘एक्सेंट्रिक’ हा तसाच दुसरा शब्द, तो खगोलशास्त्रातला. टॉलेमीने सूर्याच्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीपासून जरा बाजूला धरला, तेव्हा ऋतूंच्या कमीजास्त लांबीचं गणित जुळलं. पुढे हा शब्द माणसांना लागला. जॉन स्टुअर्ट मिलने तर 1859 मध्ये ‘ऑन लिबर्टी’त लिहून ठेवलं, की विक्षिप्त व्हायची हिंमत फार थोडे करतात, हाच या काळाचा मोठा धोका.

मुलीचा गुन्हा काय? मी वही मागितली. ती उत्तर लिहिण्याआधी समासात त्याचं चित्र काढते. जलचक्राच्या उत्तरापाशी दोरीवर वाळत घातलेला टॉवेल होता आणि त्यातून वर जाणारे तीन बाण. शेजारचं उत्तरही बरोबर होतं. बाष्पीभवन इतकं नेमकं समजलेलं मूल मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

अशा वेगळ्या माणसांच्या बाबतीत आपली मराठी मोठ्या मनाची आहे. छांदिष्ट, तऱ्हेवाईक हे शब्द जरा नाक मुरडतात, कबूल. पण ‘अवलिया’ घ्या. अरबीतल्या ‘वली’चं हे अनेकवचन, म्हणजे ईश्वराचे निकटचे लोक. आपण तो एकट्या माणसाला लावला आणि त्यात कौतुकही ठेवलं. गावात असा कुणी असला की लोक त्याचे किस्से सांगतात, त्याला जपतात. मोठ्यांना जे देतो, ते दहा वर्षांच्या मुलीला का देत नाही?

त्या मुलीने आता समासात चित्र काढणं थांबवलं आहे. आईने बजावलं म्हणून.

शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. शेरा लिहिताना मूल काय करतं ते साध्या वाक्यात लिहा, घरच्यांना कळेल अशा भाषेत. ‘उत्तराआधी चित्र काढते, उत्तर बरोबर असते,’ एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं.