वांटणींत आलेला चित्रसंग्रह

महालांतील एका गृहस्थांचें पत्र गेल्या महिन्यांत आम्हांस आलें. वडील वारल्यावर तिघा भावांनीं घराची वांटणी सामोपचारानें केली. भांड्यांची झाली, दागिन्यांची झाली, पुस्तकांचीहि झाली. अडलें तें वडिलांच्या चित्रपटांपाशीं. ६०० डीव्हीडी, दोनएकशें व्हीसीडी व कांहीं व्हिडिओ कॅसेटी असा तो संग्रह आहे. धाकट्या बंधूंचें म्हणणें असें कीं, सगळें एकदां हार्ड डिस्कवर चढवावें आणि तिघांनीं एकेक डिस्क घ्यावी. म्हणजे भांडणास जागाच उरत नाहीं. थोरल्यांस त्यांत चोरीचा वास येतो. मधले बंधु, म्हणजे आमचे पत्रलेखक, आमच्याकडे निवाडा मागतात.

निवाडा देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण कायद्याचें पुस्तक चाळण्यास कोणाची बंदीहि नाहीं. स्वामित्वहक्काचा आपला कायदा १९५७ चा आहे व त्यांत २०१२ मध्यें मोठी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनें असें स्पष्ट झालें कीं, चित्रपट इलेक्ट्रॉनिक साधनानें कोणत्याहि माध्यमांत साठविणें हा त्याची नक्कल करण्याचाच एक प्रकार होय. तबकडीवरील चित्रपट डिस्कवर घेणें ही दिसावयास घरांतल्या घरांत केलेली हलवाहलव असली, तरी कायद्याच्या दृष्टीनें ती नक्कल आहे, आणि नक्कल करण्याचा हक्क मालकाचा. जाणूनबुजून हक्कभंग करणारास ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. येथवर वाचून थोरल्या बंधूंस समाधान वाटेल.

परंतु त्याच कायद्याचें ५२ वें कलम म्हणतें कीं, खाजगी अथवा वैयक्तिक उपयोगासाठीं केलेला रास्त व्यवहार हा हक्कभंग नव्हे, आणि त्यासाठीं केलेली इलेक्ट्रॉनिक साठवणहि हक्कभंग नव्हे. मात्र जिच्यावरून साठवण करावयाची ती प्रत मुळांत चोरीची असतां कामा नये. 'रास्त' म्हणजे किती, हें कायद्यानें आंकड्यांत सांगितलेलें नाहीं. तें न्यायालयानें प्रसंग पाहून ठरवावयाचें आहे. म्हणून गृहस्थानें आपल्यापुरतें असें समजावें कीं, नक्कल ही मूळ वस्तूची सावली आहे. वस्तु जेथें, सावली तेथें. पैसे देऊन घेतलेली डीव्हीडी भांड्याप्रमाणें वांटतां येते, देतां येते. थोरल्यांच्या वांट्यास ज्या तबकड्या येतील त्यांच्या नकला थोरल्यांच्या डिस्कवर असाव्या. वस्तु एकाची आणि सावल्या तिघांकडे, हा हिशेब 'वैयक्तिक उपयोग' या शब्दांत बसविणें आम्हांस तरी साधत नाहीं. एकत्र कुटुंबांत एका दिवाणखान्यांत सर्वांनीं एकच डिस्क पाहिली तर तें एक घर; वांटणी झाली कीं चुली तीन. धाकट्या बंधूंस हें कठोर वाटेल. त्यांनीं तबकडी उसनी मागून न्यावी. आमच्या लहानपणीं कादंबऱ्या अशाच फिरत, आणि परत न येणाऱ्या कादंबरीवरून होणारे रुसवेहि आम्हीं पाहिले आहेत.

तबकडीस कुलूप असलें तर काय, असेंहि पत्रांत विचारलें आहे. हक्कभंगाच्या हेतूनें तें कुलूप तोडणारास २ वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. पण कायद्यानें मना न केलेल्या कामासाठीं तें उघडणारास त्याच कलमांत सूट आहे. अमेरिकेंत गेलेल्या पुतण्यांनीं व भाच्यांनीं मात्र ही संवय बरोबर नेऊं नये. तेथील १९९८ च्या कायद्यानें घरच्या वापरासाठींहि असें कुलूप उघडण्याची सरसकट मोकळीक ठेवलेली नाहीं. इंग्लंडांत तर सरकारनें २०१४ च्या ऑक्टोबरांत स्वतःपुरती नक्कल करण्यास परवानगी दिली व २०१५ च्या जुलैमध्यें न्यायालयानें ती रद्द ठरविली. त्या मानानें आपला कायदा गृहस्थास उदार आहे. कोजागिरीस गच्चीवर पडदा लावून घरच्यांनीं चित्रपट पाहावा, त्यास कोणी हरकत घेणार नाहीं. पण सबंध वसाहतीस बोलावून गणपतीपुढें तोच दाखवावयाचा तर मालकाची परवानगी लागते. तिकीट नसलें तरी लागते.

जुन्या चित्रपटांचें ओझें त्याहून हलकें आहे. चित्रपट प्रसिद्ध झाला त्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षें हक्क चालतो. १९५३ चा 'श्यामची आई' २०१४ च्या पहिल्या दिवशीं मोकळा झाला. साने गुरुजी १९५० मध्यें निवर्तले, त्यामुळें मूळ पुस्तक त्याआधींच मोकळें झालें होतें. तथापि १९६० चा 'जगाच्या पाठीवर' घ्या. चित्रपट मोकळा झाला, पण गीतें लिहिणारे माडगूळकर १९७७ मध्यें गेले, म्हणून गीतांचा हक्क २०३७ च्या अखेरीपर्यंत चालावयाचा. चित्रपट घरांत खुशाल ठेवावा. त्यांतील गीतें वेगळीं काढून लोकांपुढें मांडतांना थांबावें.

येथवर आम्हीं जें लिहिलें तें लिहून पत्र मिटणार होतों. तोंच शेवटची ओळ पुन्हां वाचली. तींत असें होतें: व्हिडिओ कॅसेटी १४ आहेत, त्या घरगुती आहेत, मुंजी-लग्नांच्या आहेत, लावावयास यंत्र नाहीं, म्हणून त्या भंगारवाल्यास देण्याचें ठरलें आहे.

ही ओळ वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलों. आमच्या घरीं १९८९ च्या एका मुंजीची अशीच कॅसेट होती. ती माळ्यावर राहिली. नागपूरचा माळा म्हणजे मे महिन्यांत भट्टी. पारा ४५ च्या पुढें गेला कीं पत्र्याखालीं हात ठेववत नाहीं, आणि त्यावर लगेच पावसाळ्याची ओल. त्याच वर्षांत आम्ही मोठ्या टापटिपीनें डीव्हीड्यांच्या नकला काढीत होतों. २००७ नंतर मोझर बेअरनें ३४ रुपयांस डीव्हीडी विकावयास काढली, तेव्हां गल्लोगल्लीं मिळणारे चित्रपट! त्यांची यादी केली, सालवार लावले. कॅसेट खालीं काढली तेव्हां फितीवर पांढरी बुरशी चढली होती. एका कारागिरानें ती हातानें पुसून, उलटसुलट फिरवून, त्यांतून ११ मिनिटें बाहेर काढलीं. मातृभोजनाच्या पाटाशेजारीं आजी उभी आहे व कोणासतरी 'तूप आण' म्हणते आहे. पुढें सारा गारांचा पाऊस.

देशानेंहि हेंच केलें, असें म्हणून आम्ही स्वतःचें समाधान करून घेतों. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याची आज एकहि प्रत उपलब्ध नाहीं. चित्रपटांचें राष्ट्रीय संग्रहालय पुण्यास निघावयास १९६४ साल उजाडलें. पण तेथें निदान दुसऱ्या देशांतून, जुन्या चित्रगृहांतून प्रती शोधण्याची आशा असते. महालांतल्या त्या मुंजीची दुसरी प्रत कोठून येणार?

आणि गंमत अशी कीं, कायदा येथें अगदीं निःशंक आहे. पैसे देऊन दुसऱ्याकडून चित्रफीत काढवून घेतली, तर उलट करार नसल्यास तिचा पहिला मालक काढवून घेणारा, असें १७ वें कलम सांगतें. म्हणजे त्या कॅसेटींचे मालक तुमचे वडील. त्यांच्यामागें तुम्ही तिघे. चित्रण करणाऱ्यानें मधूनमधून सिनेमाचीं गाणीं भरलीं असतील, तेवढीं परक्याचीं. यूट्यूबवर चढवाल तर त्या जागीं आवाज बंद होण्याचा संभव आहे. घरांत पाहावयास कसलीच आडकाठी नाहीं.

जागेचें म्हणाल तर ६०० डीव्हीडींस प्रत्येकी ७ गिगाबाइट धरले तरी ४ टेराबाइटांहून अधिक लागतात. १४ कॅसेटी तीन-तीन तासांच्या धरल्या तर ४२ तास. तासास अडीच गिगाबाइट घेतले तरी सारें सव्वाशें गिगाबाइटांत मावतें. लहानशी पेन ड्राइव्ह पुरेल. वेळ मात्र लागतो, कारण तीन तासांची फीत तीन तासच चालते. यंत्र नवें मिळणार नाहीं. व्हिडिओ यंत्रें बनविणारा शेवटचा मोठा जपानी कारखाना २०१६ मध्यें थांबला. म्हणून ओळखींत चालू यंत्र असेल तर तें याच वर्षीं मागून आणावें. तें तारेनें संगणकास जोडण्याचें लहान उपकरण मिळतें. बुरशी दिसणारी फीत आपण होऊन यंत्रांत घालूं नये. ती स्वतः तुटते व यंत्राचें डोकें माखून पुढची फीतहि बिघडविते. ती आधीं जाणत्याकडून पुसून घ्यावी. नांव देतांना 'व्हिडिओ ३' असें न देतां प्रसंग, साल व गांव लिहावें, आणि चित्रांत कोण कोण दिसतें तें आत्यांना, मावश्यांना जवळ बसवून आतांच टिपून घ्यावें.

हार्ड डिस्क आज ना उद्यां बिघडते. एकाच घरांतल्या दोन डिस्कांस आग व चोर एकच असतात. सुरक्षित म्हणजे निरनिराळ्या घरांतल्या तीन डिस्का, वर्षांतून दोनदां लावून पाहिलेल्या. धाकट्या बंधूंनीं सुचविलेली व्यवस्था नेमकी हीच आहे. त्यांनीं ती ६०० तबकड्यांसाठीं सुचविली, तेवढेंच चुकलें. थोरल्यांनीं येथें होकार द्यावा. मूळ १४ कॅसेटी कोणाच्या वांट्यास जाव्या, हें तिघांनीं ठरवावें. त्या पूर्ण गुंडाळून, पेटींत उभ्या, मधल्या खोलींतल्या कपाटाच्या खालच्या खणांत ठेवाव्या. आणि भंगारवाल्यास निरोप तेवढा आज पाठवावा.